सतरा, अधिक-उणे सहा

बाबांसाठी ट्रॅक्टर मी निवडला. पूर्वी हे मी अभिमानानं सांगत असे, आता कोणी विचारलं तरच सांगते.

शहराबाहेर खडकाळ टेकडीवर एका संस्थेचं कॉलेज आहे. माझे बाबा, सूर्यभान, तिथं एकोणीस वर्षं आहेत. आधी माळी होते, मग ट्रॅक्टर चालवू लागले. टेकडीच्या पूर्वेला तीन एकर गवताचा उतार आहे. संस्थेच्या माहितीपुस्तिकेवर दर वर्षी त्याचाच फोटो असतो, आणि फोटोतलं गवत बाबांनी कापलेलं असतं. जुना ट्रॅक्टर शेतातला होता, उंच आणि अरुंद. एकदा उतारावर आडवं जाताना त्याचं वरच्या बाजूचं मागचं चाक वीतभर उचललं गेलं आणि पुन्हा टेकलं. बाबांनी हे आईला सांगितलं नाही, मला सांगितलं. त्या दिवसापासून मी दर संध्याकाळी नल्लकुंट्याच्या आमच्या खोलीत त्यांच्या चपलांचा आवाज येईपर्यंत पुस्तकाचं पान उलटत नसे.

नवा ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं तेव्हा मी एम.एस्सी. होऊन आठ महिने झाले होते. कॉलेजची सगळी व्यवस्था मुकुंदरावांकडं होती. साठीचे, शांत बोलणारे. आजोबा निजामाच्या काळात न्यायाधीश होते, हे पहिल्या भेटीतच कळायचं.

"सूर्यभान, तुझी मुलगी फिजिक्सवाली ना? तिलाच सांगू या अहवाल लिहायला," ते म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "तुमच्या लोकांत मुली चांगल्या शिकायला लागल्यात हल्ली. बरं वाटतं. आणि हे बघ, प्रयोगशाळेत एक जागा निघायची आहे. अर्ज देऊन ठेव."

बाबा हसले. मीही हसले.

अफझलगंजच्या बाजारातून मी एक ओळंबा आणला, फळीवर मोठा कोनमापक ठोकला, आणि आम्ही दोघांनी उतार मोजायला घेतला. दोरीचं एक टोक बाबांकडं, एक माझ्याकडं. चार दिवसांत चौऱ्याऐंशी जागा मोजल्या. सर्वांत कमी अकरा अंश, सर्वांत जास्त तेवीस, सरासरी सतरा. तेवीस अंशांचा पट्टा खाली नाल्याच्या वरच्या अंगाला होता, साधारण बसच्या लांबीचा. तिथं उभं राहिलं की पायाची बोटं चपलेच्या टोकाला जाऊन रुतायची.

मग दुकानं. पहिल्याच दुकानातला विक्रेता एका उंच, अरुंद ट्रॅक्टरवर थाप मारत म्हणाला, "मॅडम, ये पहाड पे चढ जाता."

"चढता होगा. आडा चलता क्या?" मी विचारलं आणि टेप काढून दोन चाकांमधलं अंतर मोजायला लागले.

"सूट सिलाना है क्या ट्रॅक्टर कू?"

बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला.

हिशोब अवघड नव्हता. चाकं जितकी लांब-लांब आणि वजन जितकं जमिनीजवळ, तितका ट्रॅक्टर उशिरा उलटतो. चौथ्या दुकानात एक ठेंगणा, रुंद ट्रॅक्टर मिळाला. चारही चाकांना जोर, मागच्या चाकांत पाणी भरून वजन वाढवायची सोय, सीटमागं लोखंडी कमान आणि पट्टा. गाडी उलटलीच तर कमान जमिनीवर टेकते आणि पट्ट्यानं बांधलेला माणूस तिच्या आत वाचतो. कागदावर तो एक्केचाळीस अंशांना उलटत होता. पण कागदावर खड्डे नसतात, दगड नसतात, मागं जोडलेलं गवत कापायचं यंत्र हिसके देत नाही. म्हणून मी निम्मं धरलं: वीस. वीसच्या वर कोणताच ट्रॅक्टर नको, तो पट्टा खांद्यावरच्या यंत्रानं माणसांनी कापावा, असं अहवालात लिहिलं.

संस्थेच्या छापील फॉर्मवर उतारासाठी एकच चौकोन होता. मी त्यात लिहिलं: १७ ± ६. आम्हाला असंच शिकवलेलं असतं. आकडा एकटा सोडायचा नाही, त्याच्यासोबत त्याची मर्यादा लिहायची. सगळा धोका मी त्या सहामध्ये ठेवला आणि निश्चिंत झाले.

आठवड्यानं मुकुंदरावांनी सहीसाठी कागद पुढं केला. त्यावर नुसते सतरा होते.

"सर, अधिक-उणे सहा राहिलं."

"अगं, कमिटीला एक आकडा लागतो. तुझा अहवाल मागं जोडलाय की. ज्याला वाचायचं तो वाचेल."

माझा प्रयोगशाळेचा अर्ज त्यांच्या टेबलावर, पेपरवेटखाली होता. मी सही केली.

ट्रॅक्टर आला. मी सांगितला तोच आला, हे मुद्दाम लिहिते. खांद्यावरची यंत्रं मात्र "पुढच्या वर्षी बघू" झाली. मला नोकरी मिळाली.

बाबांना मी सगळं समजावून सांगितलं. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, "तुझं ते अधिक-उणे तुझ्यापाशी ठेव. मला एवढंच सांग, कुठं जायचं नाही."

आम्ही दोरी धरून तेवीस अंशांच्या पट्ट्याभोवती दगड मांडले आणि त्यांना चुना फासला. बाबा त्या दगडांपलीकडं कधी गेले नाहीत. शेडचं शटर बुटकं होतं, त्यामुळं कमान मागं दुमडल्याशिवाय ट्रॅक्टर आत जात नसे. बाबा रोज सकाळी बाहेर आले की थांबायचे, कमान उभी करून खिट्ट्या घालायचे, पट्टा लावायचे आणि मगच निघायचे. बाकीचे माळी चिडवायचे, "सूर्यभान मामा विमान उडवायले!" सात महिने गेले. मी पुन्हा पानं उलटायला लागले.

फेब्रुवारीत कॉलेजच्या तपासणीला बाहेरून समिती येणार होती. सगळीकडं रंगरंगोटी चालली होती. नाल्यावरचं गवत कमरेएवढं झालं होतं, आणि मुख्य इमारतीच्या गच्चीवरून नेमकं तेच दिसायचं. मुकुंदराव उतारावर आले, मला प्रयोगशाळेतून बोलावून घेतलं. चुन्याचे दगड त्यांनी आदल्या दिवशीच उचलायला लावले होते.

"सूर्यभान म्हणतो, तिथं जाणार नाही. तू सांग त्याला."

"तिथं तेवीस आहे, सर."

"कागदावर सतरा आहे. सही कुणाची आहे?"

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. "साहेब, तुम्ही म्हणाल ते काम करीन. विळ्यानं कापतो, चार दिवस लागतील. ट्रॅक्टर नाही घालायचा."

"चार दिवस कुठले? परवा समिती येते. दुसरे ड्रायव्हर नाहीत का आपल्याकडं?" मुकुंदरावांचा आवाज चढला नाही. त्यांनी हात पुढं केला. बाबांनी किल्ली दिली. "उद्यापासून तू रोपवाटिकेत. वयही झालंय तुझं."

संध्याकाळी बाबांनी किल्ली गेल्याचं घरी सांगितलं. आईनं, मालनबाईनं, ऐकून घेतलं, उठली आणि गोडाचा शिरा केला. "गेला एकदाचा तो ट्रॅक्टर," ती म्हणाली. "बसा आता रोपांना पाणी घालत." मी दोनदा शिरा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर प्रयोगशाळेच्या खिडकीखालून गेला. वर यादगिरी होता. तो कॉलेजचा पाण्याचा टँकर चालवायचा; तिशीचा, सतत काहीतरी चघळणारा. मला 'सायन्स अक्का' म्हणायचा. कमान मागं दुमडलेलीच होती. पट्टा सीटखाली लोंबत होता.

"अक्का, चाय हुई क्या?" त्यानं खालून ओरडून विचारलं.

मी खिडकी उघडली. तो तीस फुटांवर होता; अंतराचा माझा अंदाज सहसा चुकत नाही. दोन वाक्यं पुरली असती. कमान उभी कर. नाल्यावर जाऊ नको. ती माझ्या तोंडाशी आली होती, हे मला नक्की आठवतं. आणि त्याच वेळी मी पुढची पायरी मांडली, जशी कोणत्याही गणितात मांडते: याला सांगितलं तर हाही नाही म्हणेल. हा नाही म्हणाला तर तिसरा ड्रायव्हर नाही. मग किल्ली परत बाबांकडं येईल.

"हो गई," मी म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी आरडाओरडा ऐकू आला. गवतात लपलेल्या दगडावर वरचं चाक चढलं होतं. ट्रॅक्टर दीड कोलांटी खाऊन नाल्यात पडला होता. यादगिरी त्याच्या खाली, कमरेपर्यंत.

चौकशी झाली. तिघं जण टेबलापलीकडं बसले होते, मुकुंदराव बाजूला. माझा अहवाल समोर होता. पहिल्यांदाच कुणीतरी तो उघडला होता, पण ट्रॅक्टरच्या पानावर.

"यंत्र योग्य निवडलं होतं?"

"हो."

"कमान उभी असती, पट्टा लावलेला असता, तर?"

"एवढं लागलं नसतं."

दोन्ही उत्तरं खरी होती. मी उताराबद्दल सांगायला लागले, तर त्यांनी सतरा आकड्यावर बोट ठेवून विचारलं, ही सही तुमचीच ना. निष्कर्ष निघाला: चालकाचा निष्काळजीपणा. बाहेर आल्यावर मुकुंदराव हळू आवाजात म्हणाले, "तुझ्यावर काही येऊ दिलं नाही मी. शेवटी आपण मराठी माणसं."

यादगिरी काचीगुड्याजवळच्या एका इस्पितळात होता. बाबा रोज जायचे. तिसऱ्या आठवड्यात मी गेले. त्याच्या कमरेखाली चादर अजिबात हलत नव्हती. डॉक्टरांनी पायांबद्दल काय सांगितलं होतं ते त्याच्या बायकोच्या तोंडावर दिसत होतं. तिनं मला स्टूल दिलं.

बाबा त्याच्या उशाशी बसले होते. "मैं होता तो अच्छा था रे," ते म्हणाले. "मैं वो चूने के पत्थर के आगे कब्बी नै गया. बेटी लैन मार को दी थी."

यादगिरीनं मान वळवली. माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"अक्का, बाप कू बताए ना तुम वो लैन? मेरेकू काय कू नै बताए? मैं तो पूछा भी था तुमकू. चाय का."

"ध्यान में नहीं रहा," मी म्हणाले.

तो "हौ" म्हणाला आणि छताकडं बघायला लागला.

बाहेर बसथांब्यावर गर्दी होती. दोन बस गेल्या, बाबा चढले नाहीत. मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "ट्रॅक्टर त्या सकाळी तुझ्या खिडकीखालून गेला ना?"

"हो."

"आणि तू विसरलीस."

मी पर्समधले सुटे पैसे मोजायला लागले.

"तू पहिलीतल्या बाईंचा वाढदिवस विसरत नाहीस, स्वप्ना," ते म्हणाले. पुढची बस आली, तेव्हा ते पुढच्या दारानं चढले, मी मागच्या.

सोमवारी बाबा मुकुंदरावांकडं गेले आणि ट्रॅक्टरची किल्ली मागितली. ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आला होता, चालवायला कुणी तयार नव्हतं. मुकुंदरावांनी लगेच दिली. आई दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

मी दुपारच्या सुट्टीत उतारावर गेले. बाबा एकटेच होते. चुन्याची बादली, दगडांचा ढीग, आणि आमची जुनी दोरी. एक टोक त्यांनी खुंटीला बांधलं होतं आणि दुसरं स्वतःच ओढून धरत, वाकून, पुन्हा परत येत होते. दोन माणसांचं काम होतं ते.

मी खाली उतरून खुंटीकडचं टोक सोडायला हात घातला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "जमतंय मला."