मूठ उघडेपर्यंत पाणी नाही

"सुटतंय, सुटतंय," असं कुणीतरी पुटपुटलं आणि माईंच्या हॉलमधली सगळी गर्दी पुढे झुकली. टेबलावर काचेचा वाडगा होता, वाडग्यात पाणी, आणि पाण्यात घट्ट मिटलेल्या मुठीसारखं एक वाळलेलं करडं झुडूप. बघता बघता त्याची बोटं एकेक करून सुटू लागली. बायकांनी हात जोडले. एक धिप्पाड गृहस्थ रुमालात तोंड खुपसून रडू लागले. ते होणाऱ्या बाळाचे वडील होते. मागच्या खोलीत कळा देणाऱ्या त्यांच्या बायकोला वाडग्यातलं चमचाभर पाणी पाजलं, तिला खुर्चीत बसवून रस्त्यापलीकडच्या प्रसूतिगृहात नेलं, आणि लोक चपला शोधत होते तोवर निरोप आला की मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

मूठ उघडेपर्यंत बाईने माईंकडेच थांबायचं, मगच दवाखान्यात जायचं. माईंचं बोलणंही ठरलेलं असे. "बाळ मुठीत असतं बरं. मूठ भुकेल्या आईलाच उघडते. घास गेला की वाट अडते, घोट गेला की मूठ रुसते." हे सगळं त्या इतक्या मायेने सांगत की बाळ काही अन्ननलिकेतून येत नाही, हे शाळेत शिकलेली माणसंही विसरून जात. बँकेत साहेब असलेला माणूस तिथे मान डोलवत बसलेला मी पाहिला आहे. कर्जाला तारण मागताना हाच माणूस हजार प्रश्न विचारतो.

मी प्रसूतिगृहाच्या फाटकाशी कँटीन चालवतो. इथल्या डॉक्टरीणबाई चहाला येतात तेव्हा मी त्यांचं डोकं खातो, आणि त्यांनीच मला शिकवलं की सगळं ठीक असेल तर कळांच्या सुरुवातीला बाईने हलकं खावं, घोट घोट पीत राहावं. केळं, टोस्ट, पातळ सूप, फळांचा रस, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. तळलेलं नको, तेलकट नको, आणि ऑपरेशनची शक्यता दिसली की डॉक्टर सांगतील तेव्हा थांबायचं. एवढी साधी गोष्ट. पण माई समोर राहायला आल्यापासून माझ्याकडे उलटाच प्रकार दिसायचा. कळा देणारी उपाशी, आणि कळा ऐकणारे दोन-दोन प्लेट टोस्ट हाणून वर चहा.

माई पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात आया होत्या. बाळंतपणं त्यांनी उदंड पाहिली होती, एवढं कबूल करायला हवं. त्यांची एक मदतनीस होती, गप्प राहणारी बाई. ती अधूनमधून थर्मास घेऊन माझ्याकडे यायची आणि उकळतं पाणी भरून न्यायची. मी बरेच दिवस विचार न करता देत होतो. मग एकदा लक्षात आलं की माईंच्या घरात चहाही होत नाही. कळा देणारीला पाणी नाही, म्हणून त्या छपराखाली कुणीच काही प्यायचं नाही, असा नियम. मग हे उकळतं पाणी जातं कुठे?

एकदा विचारलंही. म्हटलं, "ताई, पाय शेकायला नेता का?" ती म्हणाली, "तुम्ही भरा हो दादा." आणि हसली.

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. थर्मास भरून गेला की थोड्याच वेळात समोर गलका व्हायचा आणि खुर्ची रस्ता ओलांडायची. थर्मास आला नाही की मूठही उघडायची नाही. मी बाजारात वाळलेल्या मुळ्या-पाल्यांच्या दुकानात गेलो आणि करड्या मुठीसारखं काही मिळतं का विचारलं. दुकानदाराने कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट केलं. "किती देऊ? गरम पाण्यात टाकलं की झटकन फुलतं, गारात तासन्‌तास लागतात. वाळवलं की मिटतं. पुन्हा टाका, पुन्हा फुलतं." मी म्हटलं, "बाळंतपण चालू असावं लागतं का?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की याला दुकानात कुणी घेतलं.

आता सगळा खेळ उघड होता. मागच्या खोलीत माई आणि मदतनीस बाईला तपासत. वेळ जवळ आली असं दिसलं की वाडग्यात गरम पाणी, मूठ झटकन मोकळी. वेळ दूर असली की नळाचं गार पाणी, मूठ बसली रुसून. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, यात निदान कावळा तरी भोळा असतो. इथे कावळा फांदी करवतून ठेवायचा. आणि एखादीचं काही बिघडलंच, तर त्याला उत्तर तयार असायचं. "चोरून काही खाल्लंस का गं?" दिवसभर सुकलेली बाई एखादा घोट प्यायलेलीच असायची. ती मान खाली घालायची आणि माई सुटायच्या.

हे मी सगळ्यांना सांगत सुटलो. लोक माझा चहा पीत ऐकून घेत आणि म्हणत, "तुमचा धंदा बसला म्हणून बोलताय." पालथ्या घड्यावर पाणी.

मग माझ्या धाकट्या बहिणीची वेळ आली.

आईवडील गेल्यावर तिला मीच वाढवलं. तिचं पहिलं बाळंतपण. तिने महिनाभर आधी कँटीनमध्ये बसून स्वतःची पिशवी भरली होती. हे बिस्किट फार कोरडं, तो रस फार गोड, केळी जरा कच्चीच हवीत. डॉक्टरीणबाईंना दाखवून एकेक वस्तू आत गेली. म्हणाली, "दादा, एवढा विचार मी नवरा निवडतानाही केला नव्हता." मी मामा होणार म्हणून गल्ल्यावर बसून उगाच हसत होतो.

त्या सकाळी रिक्षा आली ती माझ्या फाटकापाशी थांबलीच नाही. समोर गेली. मी धावलो तर तिच्या सासूबाईंनी हातानेच अडवलं.

"आमच्या घरातलं पहिलं मूल आहे," त्या म्हणाल्या. "उगीच धोका नको."

"अहो, दवाखाना समोर आहे. धोका कसला?"

"तुम्ही तुमचं कँटीन सांभाळा. लेक तुमची होती, आता सून आमची आहे."

मेहुणा बाजूला उभा होता. मी त्याला म्हटलं, "रस्ता ओलांडायचाय फक्त. मी धरतो, तू धर." तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "दादा, एकदा मूठ उघडू दे. आई ऐकणार नाही."

दुपार झाली. सासूबाई नातेवाइकांना फोन करायला बाहेर गेल्या तेव्हा मी मागच्या खोलीत शिरलो. बहीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ फाटले होते, डोळे आत गेले होते. कळ आली तरी तिच्याने धड ओरडवत नव्हतं.

"दादा, पाणी दे रे."

मी लिंबू-साखरेच्या पाण्याची बाटली तिच्या ओठांना लावली. दोन-तीन घोट घेतले तिने, आणि मग एकदम बाटली ढकलली. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "पुढे चाललंच नाहीये काही. ती बाई सारखी मान हलवते."

माईंना काहीतरी बिघडल्याचं कळलं होतं आणि म्हणून मूठ गार पाण्यात पडून होती. थर्मास त्या दिवशी आलाच नव्हता.

मी कँटीनच्या काउंटरवर दोन मोठे ग्लास मांडले. माईंच्या दारातली गर्दी हाका मारून बोलावली. सासूबाई आल्या, मेहुणा आला. दुकानातून आणलेल्या दोन मुठी मी सगळ्यांच्या हातातून फिरवल्या. एका ग्लासात नळाचं पाणी ओतलं, दुसऱ्यात किटलीतलं. गरम पाण्यातली मूठ बघता बघता मोकळी झाली. गार पाण्यातली तशीच बसून राहिली.

"हे बघा," मी म्हटलं. "मला काही कळा येत नाहीयेत. सकाळपासून मी चार टोस्ट खाल्लेत. तरी उघडली की नाही?"

मेहुण्याने मान वर केली आणि तो माझ्याकडे एक पाऊल आला. मला वाटलं, जिंकलो.

मग एक निवृत्त काका म्हणाले, "तुमच्यासारख्याच्या हातूनही उघडली, म्हणजे माईंची शक्ती केवढी ते बघा."

"काका, ही माईंची नाहीच. बाजारातली आहे. पोतंभर मिळते."

"पोत्यात कुणी घातली? आणि तुमचा धंदा बसला म्हणून..."

"धंदा बसला असता तर तुमच्या हातात हा टोस्ट कुठून आला असता?"

लोक हसले. पण ते माझ्या बाजूने हसले नाहीत, नुसतेच हसले. एका म्हाताऱ्या आजींनी गरम ग्लासातली मूठ अलगद काढून पदरात घेतली. "माझ्या सुनेला पुढच्या महिन्यात लागेल," त्या म्हणाल्या. "उघडलेली चालते का?"

सासूबाई मेहुण्याला दंडाला धरून परत घेऊन गेल्या.

मी त्या रिकाम्या काउंटरपाशी उभा राहिलो. युक्ती सगळ्यांना दाखवून झाली होती आणि माझी बहीण अजून तिथेच तहानलेली पडली होती. तिला बाहेर काढायला आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती माझ्या बंबात उकळत होती. मी किटली भरली. रस्ता ओलांडून माईंच्या हॉलमध्ये गेलो आणि किटली त्यांच्यापुढे ठेवली.

"घ्या," मी म्हटलं. "उघडा तुमची मूठ. तिला जाऊ द्या."

माईंनी किटलीला हात लावून पाहिला. माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, हिशेब होता. मग त्या हॉलकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "भावाचा जीव तुटतो, बघा. आता मूठ ऐकेल."

मूठ उघडली. सगळ्यांनी हात जोडले. मघाशी माझ्या काउंटरवर हेच पाहिलेल्या माणसांनीही जोडले. माझ्याच पाण्याने तो चमत्कार झाला होता, आणि मी मेहुण्याबरोबर बहिणीची खुर्ची उचलून चालायला लागलो होतो.

प्रसूतिगृहात डॉक्टरीणबाईंनी तिला ताबडतोब आत घेतलं. संध्याकाळी त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आधी मला खाली बसायला सांगितलं. बहीण वाचली होती. मुलगा गेला होता.

"बाळ अडकलं होतं," त्या म्हणाल्या. "ठोके कधी मंदावले ते बघायला तिथे कुणी नव्हतं. सकाळीच इथे आणलं असतं तर आम्ही वेळेत काहीतरी करू शकलो असतो."

सासूबाईंनी ते ऐकलंच नाही. त्या समोर जाऊन आल्या होत्या. माईंनी सांगितलं होतं की मूठ तर उघडली होती, म्हणजे वाट मोकळी होती. कुणीतरी तिच्या पोटात काही घातलं असणार. मग बहिणीला विचारलं गेलं, आणि तिने सांगितलं.

डॉक्टरीणबाई चिडून म्हणाल्या, "त्या दोन घोटांनी काही झालेलं नाही. उलट तिला दिवसभर पाणी मिळायला हवं होतं."

"तुम्ही रोज यांच्याकडेच चहा पिता ना?" सासूबाई म्हणाल्या.

मी आत गेलो. बहिणीच्या हाताला सलाईन लावलं होतं. तिने मला ओळखलं, पण हात पुढे केला नाही.

"दादा," ती म्हणाली, "मी मागितलं तरी तू द्यायचं नव्हतंस."

मी तिला सगळं समजावलं. गरम पाणी, गार पाणी, बाजारातलं पोतं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग माझं बाळ कशाने गेलं?" मी डॉक्टरीणबाईंचे शब्द सांगितले. तिने डोळे मिटून घेतले. सकाळी रस्ता ओलांडला असता तर, हे तिला सोसणारं नव्हतं. त्यापेक्षा भावाने पाजलेल्या पाण्याला कारण मानणं सोपं होतं. मला तिचा राग आला नाही. फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

माई अजून समोरच आहेत. थर्मास मी भरून देत नाही, म्हणून त्यांनी विजेची किटली घेतली. गर्दी वाढली आहे, कारण आता त्यांच्याकडे सांगायला एक गोष्टही आहे, नियम मोडणाऱ्या भावाची.

बहिणीला पुन्हा दिवस गेले आहेत. मेहुणा मागच्या आठवड्यात येऊन सांगून गेला. ती या वेळी थेंबभरही काही घेणार नाही, आणि त्या दिवशी दादाने कँटीन बंद ठेवावं, समोर दिसू नये, एवढीच तिची इच्छा आहे.

तिच्यापुढे मी हरलो. म्हणून तुम्हाला सांगतो. बाजारातून एक मूठ विकत आणा आणि घरी गरम पाण्यात टाका. घरात कुणी गरोदर नसताना टाका, भरल्या पोटी टाका. ती उघडेल. मग तुमच्या घरच्या बाईला तिची वेळ येण्याआधी विचारा, तुला त्या दिवशी काय खावंसं, काय प्यावंसं वाटेल. डॉक्टरांना विचारा, चालेल का. आणि कळा सुरू झाल्या की तिला सरळ दवाखान्यात न्या. वाटेत कुठे थांबू नका. तिने पाणी मागितलं, तर ते कुणापासून लपवून द्यावं लागू नये.