धरणारी

बापाने सुरा पाठीमागे लपवला आणि दुसऱ्या हाताने मेंढ्याच्या गळ्यातली दोरी ओढली. मेंढ्याने चारही पाय फरशीत रोवले. हिसक्यासरशी दोरी सुटली, बाप भिंतीवर आदळला आणि दारात उभी असलेली मुलगी ओरडली,

"सोडा त्याला, बाबा!"

"सोडतो. आणि दुकानालाही कुलूप घालतो."

वर्षभर हाच वाद चालला होता. बाहेरगावी शिकायला गेलेली मुलगी परत आली ती मांस सोडूनच. ज्याला जगायचंय त्याला मारायचा हक्क आपल्याला कोणी दिला, हा तिचा प्रश्न. याच सुऱ्यावर तू लहानाची मोठी झालीस, हे बापाचं उत्तर. शब्दाने शब्द वाढत जायचा आणि ताटातलं अन्न गार व्हायचं. हट्टीपणात दोघं एकाच माळेचे मणी.

बापाचेही नियम होते. जनावराला सुरा दिसू द्यायचा नाही, धार आदल्या दिवशीच लावायची आणि घाव एकच. त्यासाठी धरायला माणूस लागतं. नेहमी धरणारा मामा तापाने फणफणला होता.

"पलीकडच्या पैलवानाला बोलावतो," बाप म्हणाला.

त्या पैलवानाला तिने पाहिलं होतं. जनावर हललं की तो शेपटी पिरगाळायचा, आणि वर हसायचा.

"नाहीतर एकटाच करतो. दोन घाव लागतील, तीन लागतील."

"धमकी देताय?"

"नाही गं." त्याचा आवाज खाली आला. "एकट्याने नाही जमत आता मला."

मेंढा कोपऱ्यात धापा टाकत होता. तिला बापाचा राग आला, मामाच्या तापाचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. हात झटकून निघून जाणं किती सोपं होतं! तिने बाह्या वर सारल्या आणि गुडघ्यांवर बसली.

"ये रे. ये."

बऱ्याच वेळाने मेंढा आला. तिने त्याचं कपाळ खाजवलं, हनुवटीखाली हात धरला, डोळ्यांवर तळवा ठेवला. मानेतला ताण हळूहळू गेला आणि त्याने डोक्याचा सगळा भार तिच्या मांडीवर टाकला. बाप मागून आला. घाव एकच बसला.

पाय थांबेपर्यंत तिने हात काढला नाही. मग मोरीत जाऊन ती भडभडून ओकली. बाप पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभा राहिला.

"इतक्या वर्षांत कुठलंच जनावर असं निवांत गेलं नाही," तो म्हणाला. "विसंबलं तुझ्यावर."

"तेच तर, बाबा. तेच तर."

त्याने तांब्या तिच्या हातात दिला.

"तुला पुन्हा नाही सांगणार. मामाला आठवडाभर तरी उठता येणार नाही. उद्यापासून पैलवान येईल."

तिने चूळ भरली, तोंड पुसलं.

"किती आहेत उद्या?" तिने विचारलं.