न उजळलेली हुमणी

जालन्याच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत निवेदिताचं काम एकच: उसाची मुळं कुरतडणाऱ्या हुमणी अळीला मारणारे सूतकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे सूक्ष्म किडे, वाढवायचे. खरं तर मारतात ते त्या कृमींच्या आतड्यातले जिवाणू. कृमी हुमणीत शिरतो, जिवाणू सोडतो, दोन दिवसांत काम तमाम. मेलेली हुमणी विटकरी लाल पडते, कुजत नाही, आणि अंधारात मंद उजळतेसुद्धा.

पण हे जिवाणू मोठे लहरी. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतून बशीत नुसते पोसत राहिलं की बिघडतात. रंग जातो, उजेड जातो, कृमीही त्यांच्यावर धड वाढत नाहीत. म्हणून अधूनमधून ते जिवंत अळीत घालून पुन्हा काढून घ्यावे लागतात. किचकट काम. या हंगामात निवेदितानं त्याचा कंटाळा केला. बशा फिक्या पडलेल्या तिला दिसत होत्या, तरी तिनं शेतकऱ्यांना द्यायची पाकिटं भरली. कोण बघतंय, असं मनाशी म्हणाली.

आज तिचं पाकीट नेलेले अंकुशनगरकडचे शेतकरी पुंजाराम डबा घेऊन आले. आत चार काळ्या, घाण मारणाऱ्या हुमण्या.

"एवढ्याच मेल्या. बाकीच्या जित्त्या हायेत, ऊस वाळून राह्यला."

निवेदिताचे साहेब, भालचंद्र सर, उखडले. "ओल ठेवली नसेल तुम्ही. भर उन्हात टाकलं असेल."

"संध्याकाळीच टाकलं साहेब. पाणी बी बराबर दिल्तं. पर चुकलं असंल माझंच कुठं."

निवेदिता मान खाली घालून उभी राहिली. खरं बोलावं तर नोकरीवर गदा, न बोलावं तर हा माणूस उगीच बोलणी खातोय.

पुंजाराम तिच्याकडे वळले. "म्याडम, तुम्ही सांगितल्तं तसं दार लावून मेलेल्या हुमण्या घेऊन अंधारात बसलो आम्ही दोघं. आमची घरवाली पुष्पा म्हणे, दिसून राह्यला उजेड. मला काहीच दिसंना. मोतीबिंदू असंल. परवा डोळे दाखवायला चाललो."

आता मात्र तिला राहवेना.

"काका, तुमचे डोळे चांगले आहेत," ती सरांच्या देखत म्हणाली. "उजेड नव्हताच. मी बिघडलेले जिवाणू दिले. मला माहीत होतं."

पुंजारामांनी डब्याचं झाकण लावलं.

"पुष्पानं साऱ्या गल्लीला सांगितलं, उजेड दिसला म्हणून," ते हळू म्हणाले. "तिला आता काय सांगू?"