माळवद्यांच्याकडं जागा आहे

बोरफळ्यात घरमालकानं तोंडानं ‘आहे’ म्हटलं की भाड्याच्या खोलीत एक कॉट उगवते, आणि तेवढी जागा मालकाच्या राहत्या घरातून जाते. बाहेरून घर होतं तेवढंच दिसतं. कॉट कुठं उगवेल याचा मात्र नेम नाही. दोन कॉटांमध्ये, दोन माणसांमध्ये, जिथं बोटभर फट दिसेल तिथं ती येते, आणि बाकीचं सगळं अलीकडं-पलीकडं सरकतं. गावात आधी फार्मसी कॉलेज आलं, मग इंजिनिअरिंग, आता माळावर नर्सिंगच्या भिंती उभ्या राहतायत. त्यामुळं प्रवेश सुरू झाले की गल्लीबोळांतून पोरं विचारत फिरतात, कॉट बेसिसवर जागा आहे का म्हणून, आणि भाडं दरवर्षी जिन्यानं चढावं तसं वर चढतं. मग मोहात पडणारे पडतातच. गोसावी सरांनी इतक्यांदा ‘आहे’ म्हटलं की आता ते आणि त्यांच्या मिसेस कंपाउंडच्या भिंतीवर राहतात. तरी जाणाऱ्या-येणाऱ्याला वरून वाकून विचारतात, "कोण जागा बघतंय का हो?" काय बोलायचं!

शालनकाकू माळवदे आणि त्यांचे यजमान भानुदासराव यांना हावेचा आजार नव्हता. त्यांचा आजार वेगळा, त्यांना ‘नाही’ म्हणता यायचं नाही. दारात उन्हानं करपलेला बाप, शेजारी पोरगं, पोराच्या काखेत गादीची वळकटी आणि हातात नवीकोरी प्लास्टिकची बादली. बादलीला अजून दुकानातलं लेबल. आता सांगा, ते लेबल बघून कुणाच्या तोंडून ‘नाही’ निघेल? काकू म्हणायच्या, "आहे की बाबा, ये." मागं खोलीत खडखड आवाज व्हायचा आणि काकूंचं स्वयंपाकघर एक पाऊल आत यायचं.

एरवी याचं कुणाला काही वाटत नसे, कारण मे महिन्यात पोरं गावी गेली की कॉटा एकेक करून जिरायच्या आणि घर पुन्हा पाय पसरायचं. या वर्षी तसं झालं नाही. परीक्षा लांबल्या, त्या संपायच्या आत स्पर्धा परीक्षांचे क्लास सुरू झाले, मागची पोरं राहिली आणि पुढची येऊन उभी राहिली.

आणि नेमकं त्याच दिवसांत भानुदासराव भाडं आणायला आत गेले.

भाडं दारात उभं राहून घ्यायचं नाही, ही बोरफळ्याची रीत. दारात घेतात ती भीक. भाडं घ्यायचं ते भाडेकरूच्या कॉटवर टेकून, आधी त्याच्या घरचं विचारून. आईचा गुडघा कसा आहे, बहिणीचं जमलं का, विहिरीला पाणी किती. भानुदासरावांना तर हे विचारायला फारच आवडायचं. भाडं घ्यायचं ते कधीकधी विसरायचेसुद्धा. ते सकाळी आत गेले ते एकेका कॉटवर बसत, बोलत, पुढं पुढं गेले. तिकडं दारात पोरांची रीघ लागली होती, आणि काकू पीठ मळता मळता म्हणत होत्या, "आहे, ये. आहे, ये. तूही ये." दुपारी त्यांनी ताट वाढलं आणि हाक मारली. उत्तर आलं नाही. त्यांनी खोलीत डोकावून बघितलं तर कॉटांची रांग लांबवर गेली होती आणि तिच्या टोकाला नुसतं धुरकट होतं.

"नागनाथ, काका कुठायत रे?" काकूंनी दाराजवळच्या पोराला विचारलं. हा उदगीरकडचा, पहिल्या कॉटवर.

नागनाथनं पुढच्याला विचारलं, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. बऱ्याच वेळानं निरोप परत आला.

"काका म्हणाले, निघालोय."

निघाले होते खरे. पण माणूस पडला भिडेचा. प्रत्येक कॉटवरून "काका, बसा ना" व्हायचं, काका बसायचे, आणि बसेपर्यंत मागंपुढं एखादी कॉट उगवायची. पावसाळा सरला, गणपती बसले नि उठले, दिवाळीचा फराळ डब्यात भरून हातोहात आत गेला. काका निघालेलेच होते.

काकू रोज डबा पाठवायच्या, त्यात काकांची डायबेटिसची गोळी कागदात गुंडाळून. डबा कॉटेकॉटेनं पुढं जायचा. वाटेत कुणी भाजीतला एखादा बटाटा काढून घ्यायचं, त्याचं काकूंना काही नव्हतं. पोरंच ती. पण इकडं स्वयंपाकघराची गत अशी झाली की देव डाळींच्या डब्यांशेजारी आले, फ्रिजचं दार खोलीच्या बाजूनं उघडावं लागायला लागलं, आणि काकू सिलिंडरला टेकून बसल्या-बसल्या झोपायला लागल्या. भाकरी थापताना कोपर भिंतीला लागायचं.

एजंट रज्जाकभाई खिडकीतून बोलायचे, कारण आत यायला जागा नव्हती.

"काकू, रेट अजून चढणार. नर्सिंग सुरू होऊ दे फक्त."

"मला माझा माणूस पाहिजे, रज्जाकभाई."

"माणूस रेटमध्ये धरत नाहीत, काकू." मग म्हणाले, "मधल्या पोरांना काढा. कॉटा जिरतील, काका पुढ्यात येतील."

"परीक्षा आहेत त्यांच्या!" काकू कडाडल्या. "कुठं जातील ती? गोसाव्याच्या भिंतीवर?"

रज्जाकभाईंनी खिडकीतूनच हात जोडले आणि पुढच्या घराकडं वळले.

काकूंनी दारावर पाटी लावली, ‘जागा नाही’. पाटी लावून त्या वळतात न वळतात तोच एक आई पोराला घेऊन आली. तिनं पाटी वाचली, पायरीवर बसून चप्पल काढली आणि तळवा चोळायला लागली. काकूंनी तिला पाणी दिलं. पाण्याच्या तांब्याबरोबर ‘आहे’ पण निघून गेलं. पाटी तशीच राहिली आणि स्वयंपाकाचा कट्टा एका शेगडीपुरता उरला.

त्याच आठवड्यात डबा न उघडता परत आला. नागनाथनं तो काकूंच्या हातात दिला आणि मान खाली घातली.

"काका म्हणाले, आता पाठवू नकोस. पोचेपर्यंत विटतं."

"आणि गोळी?"

"गोळ्या संपल्यात म्हणे. पण बरं आहे म्हणाले."

"बरं आहे म्हणाले!" काकू एकदम रडायलाच लागल्या. "मेलं ते ‘बरं आहे’! आयुष्यभर हेच. ताप आला तरी बरं आहे, दाढ काढून आले तरी बरं आहे!" पदरानं डोळे पुसून त्यांनी गॅस बंद केला. स्वयंपाकघरात आता एक बाई मावत होती, ती पण श्वास आत घेऊन. तिथं उभं राहून वाट बघण्यात काही अर्थ नव्हता. शिवाय त्यांच्या डोक्यात एक सरळ हिशेब आला. दोघंही आत असलो तर दारात ‘आहे’ म्हणायला राहील कोण? त्यांनी गोळ्यांची पाकिटं कमरेला खोचली, गरम पिठल्याचा डबा घेतला आणि खोलीत पाऊल टाकलं.

"काकू, बसा ना," नागनाथ म्हणाला.

"बसणार नाही. बसले की संपलं."

त्या चालत राहिल्या. पोरं आदबीनं पाय वर घ्यायची. कुणी दोरीवरचे ओले टॉवेल बाजूला धरायचं, कुणी बाटलीतलं पाणी द्यायचं. "काकू, माझ्या आईनं लाडू पाठवलेत, घ्या." "काकू, सबमिशन आहे, प्रार्थना करा." पुढं पुढं पोरं अनोळखी व्हायला लागली, पण काकूंना सगळी ओळखत होती, कारण सगळ्यांनी त्यांच्या डब्यातलं काही ना काही खाल्लं होतं. एकजण तर म्हणाला, "मंगळवारची वांग्याची भाजी फार छान होती." काकूंच्या पायात गोळे आले होते, पण हे ऐकून त्यांना चार पावलं जास्त चालवलं. खोलीत एकही नवी कॉट उगवली नाही. हिशेब बरोबर होता.

आणि मग दिसले. एका दाढीवाल्या पोराच्या कॉटवर बसून भानुदासराव त्याच्या शर्टाला बटण लावत होते. वाळले होते. गालफाडं वर आली होती. सुईत दोरा ओवायला पोरगं मदत करत होतं.

काकू पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. भानुदासरावांनी चष्म्यावरून बघितलं.

"निघालोच होतो," ते म्हणाले.

"दिसतंय की!" काकू म्हणाल्या. आवाज चिडका काढायचा होता, पण तो मधेच फुटला. "हाडं राहिलीत नुसती. आधी गोळी घ्या. मग पिठलं. मग मी काय बोलायचंय ते बोलते."

त्यांनी गोळी घेतली. पिठलं गार झालं होतं, पण काकू वाटेत कुठं बसल्या नव्हत्या म्हणून विटलं नव्हतं. दाढीवाल्यानं उठून काकूंना जागा करून दिली आणि काकू आल्यापासून पहिल्यांदाच टेकल्या. आता भीती नव्हती, दारात ‘आहे’ म्हणायला कुणीच नव्हतं. आजूबाजूच्या कॉटांवरची पोरं पुस्तकं मिटून त्यांच्याकडं बघायला लागली. एवढ्या डोळ्यांदेखत नवऱ्याला खेटून कसं बसायचं? लग्नापासून चारचौघांत अशा कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी पदर सावरला आणि मधे रीतीप्रमाणं वीतभर अंतर ठेवलं. भानुदासरावही जरा पलीकडं सरकले.

"काका, सरका की जवळ," दाढीवाला म्हणाला. पोरं हसली.

"गप रे, चहाटळ," काकू म्हणाल्या आणि लाजल्या.

"घरी जाऊ," भानुदासराव हळूच म्हणाले. "मला तुझी फार आठवण यायची गं. रात्री तर फारच."

"मला पण," काकू म्हणाल्या. "चला. एवढं पिठलं संपवा, आणि चला."

तेवढ्यात फार लांबून, दाराकडून, आवाज आला. आवाज कोवळा होता, नुकता फुटलेला, आणि पोरांपोरांवरून हातोहात डबा यावा तसा तो येत गेला, शेवटी शेजारच्या कॉटवरच्यानं तो तोंडानं सांगितला.

"एकजण आलाय. म्हणतोय, सकाळपासून सगळं गाव विचारून झालं. कॉट मिळेल का म्हणतोय."

काकूंनी झटक्यात भानुदासरावांकडं बघितलं. भानुदासरावांनी काकूंकडं बघितलं. दोघांनाही माहीत होतं की बोलायचं नाही.

"एकटाच आलाय का रे?" काकूंनी विचारलं.

"एकटाच."

आणि दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, "आहे म्हणावं."

वीतभर फटीतून आधी लोखंडाचा एक पाय वर आला, मग दुसरा. गादी ताणली, फरशी सुटी झाली, पिठल्याचा डबा भानुदासरावांच्या बाजूला गेला. तेव्हा जन्मात पहिल्यांदा, सगळ्या पोरांच्या देखत, भानुदासरावांनी बायकोचा हात धरला. काकूंनी दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट गच्च पकडलं. मधे कॉट येत राहिली, दोघांचे हात ताणत ताणत सरळ झाले, आणि पोरं दोन्हीकडून धावली आणि त्यांच्या कमरांना धरून त्यांना एकमेकांकडं ओढायला लागली.