तटस्थांची गाडी

या, असे जवळ सरकून बसा. पाववाल्याच्या घरची गोष्ट ऐका. गोड नाही, पण ऐकायलाच हवी.

निवडणूक संपली, पण गल्लीतलं वैर संपलं नाही. जिंकलेल्यांनी बजावलं : शिंप्याच्या घराशी कुणी बोलायचं नाही. त्यानं हरलेल्याचा प्रचार केला, एवढाच गुन्हा.

"आपण तटस्थ," पाववाला बायकोला म्हणाला. "ना इकडचे, ना तिकडचे." तिला तो शब्द धुतल्या तांदळासारखा वाटला.

सकाळी जिंकलेल्यांनी मिरवणुकीसाठी पावाची गाडी मागितली. त्यानं किल्ली काढून दिली.

"अहो, आपण तटस्थ ना?"

"म्हणूनच तर! नाही म्हटलं, तर विरोधात गेल्यासारखं होतं."

दुपारी गाडी परत आली, किल्ली खिळ्याला लागली, तोच शिंपी अनवाणी धावत आला. "दादा, हिला कळा सुटल्यात. कुणी रिक्षावाला थांबत नाही. गाडी तेवढी..."

"तुझं दुःख कळतं रे. पण दिली, तर बाजू घेतल्यासारखं होईल. आम्ही पडलो तटस्थ."

"वहिनी, तुम्ही तरी सांगा!"

वहिनीचे हात कोपरापर्यंत मैद्यात. तिच्या लेकीचं पहिलं झबलं यानंच शिवलेलं, "पुतणीच्या झबल्याचे पैसे घेतात होय?" म्हणाला होता. किल्ली हातभर अंतरावर होती. तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

शिंप्यानं बायकोला हातगाडीवर निजवून दवाखान्यात नेलं. ती वाचली. बाळ गेलं.

संध्याकाळी जिंकलेल्यांचा पुढारी दारात हजर. "शेठ, उद्याही गाडी लागेल हं."

पाववाल्याचा हात खिळ्याकडे गेला. खिळा रिकामा. किल्ली बायकोच्या मुठीत.

"मिळणार नाही."

"अगं, आपण तटस्थ..."

"सकाळी यांचे भोंगे वाहताना गाडी कुणाचीच नव्हती, मग दुपारी अडलेल्या बाईला नेताना कुणाची झाली असती हो? तुम्ही भ्यालात, मीही भ्याले. त्या भीतीला सोवळं नेसवलं आपण!"

"वहिनी, उद्यापासून तुमचा पाव कोण घेतं, बघतो," पुढारी हसला.

"बघा."

ती शिंप्याच्या दाराशी गेली. दार उघडलं नाही. खिडकीतून शिवणयंत्र दिसत होतं; सुईखाली अर्धं झबलं तसंच. ती उंबऱ्याशी बसून राहिली.

मायबापहो, तटस्थ म्हणवणारा भेटला, तर विचारा : गाडी कुणाला दिलीस, आणि कुणाला नाही? त्या गल्लीत खरोखर कुणाच्याच बाजूचा नव्हता, असा एकच जीव आला होता. त्याचं नावही ठेवून झालं नाही. त्याची तेवढी आठवण ठेवा.