सायलेन्सरच्या सात वाट्या

मी सायलेन्सर साफ करतो म्हटलं की लोकांना मोटारीचाच आठवतो. माझा बंदुकीचा. आखातात, खलिफा सिटीच्या पलीकडे वाळूत आमच्या क्लबची शूटिंग रेंज होती. शेजारच्या अरबाने ससाणे पाळले होते. गोळीच्या आवाजाने त्याचे पक्षी बिथरायचे आणि तो गेटवर येऊन आमच्या नावाने शंख करायचा. म्हणून नवशिक्यांच्या लहान रायफलींना रीतसर परवाना काढून सायलेन्सर बसवले होते. वर्ष अठ्ठ्याण्णव.

मी शौकत, गाव दापोलीजवळ. राबायचो शस्त्रागारात, पण व्हिसावर हुद्दा होता ‘क्लीनर’. आणि क्लीनरला बायको आणता येत नाही! कुलसुमशी निकाह होऊन चार वर्षं झाली होती, त्यातले जेमतेम तीन महिने आम्ही एका छपराखाली काढले होते. मला याचा भयंकर राग यायचा, पण तो काढणार कोणावर?

एक दिवस रेंजचे प्रमुख बू राशिद, आमचे अरबाब म्हणजे साहेब, मला म्हणाले, "शौकत, शनिवार को कमिटी आएगा, नया सायलेन्सर पसंद करेगा. तुम पुराना वाला खोल के साफ करो, सब को दिखाओ. काम अच्छा हुआ तो तुमको टेक्निशियन बनाएगा, इन्शाल्ला."

टेक्निशियनला फॅमिली व्हिसा मिळतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, नुसता हसत बसलो.

सायलेन्सर म्हणजे एक नळी आणि तिच्यात एकामागे एक बसवलेल्या सात वाट्या, प्रत्येकीला गोळी जाण्यापुरतं मधोमध भोक. लहान रायफलीची गोळी शिशाची, त्यामुळे वाट्यांवर शिसं आणि काजळी थापून बसते. ती ब्रशने, तेल लावून, तास न् तास घासावी लागते. एवढा धीर माझ्याकडे कुठला? मला त्या वाट्या सासरच्या पितळी भांड्यांसारख्या लख्ख हव्या होत्या. कुलसुमने आगळाची बाटली पाठवली होती, कोकमाचा रस, चांगला खारट आणि झणझणीत आंबट. कोकमाने भांडी कशी निघतात ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. गुरुवारी दुपारी सातही वाट्या डब्यात घालून आगळात बुडवल्या. शुक्रवारी रेंज बंद.

शनिवारी सकाळी झाकण काढलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाट्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते आणि एकीची कड बोटाने दाबताच तुटली.

टार्गेटचे फळे लावणारा गणू मागे येऊन उभा राहिला. तो लांज्याचा.

"शौकत, हे ॲल्युमिनियम आहे रे! आंबट कोणी ॲल्युमिनियमच्या टोपात ठेवतं काय?"

"मला वाटलं स्टील."

"वाटलं म्हणे! उचलून तरी बघायचंस. आता गप नळीत भर आणि झाकण घट्ट लाव. खोल म्हणाले तर सांग, आटे जाम झालेत. खलास."

मी तसंच केलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांसमोर एअरपोर्टवर उतरणारी कुलसुम होती.

दहा वाजता कमिटीचे चार जण आणि दुबईहून आलेला सेल्समन असे सगळे जमले. सेल्समनने तीन नमुने मांडले: एक ॲल्युमिनियमचा, एकदम हलका, एक स्टीलचा, वजनदार, आणि एक कायमचा बंद, न उघडणारा. बू राशिदनी हलका हातात घेतला आणि खूश झाले.

"पहले पुराना चलाता हूँ," ते म्हणाले, "फिर नया. आवाज का फरक देखेंगे."

त्यांनी माझा तो पोखरलेला सायलेन्सर रायफलीला फिरवून बसवला, खांद्याला दस्ता लावला आणि गाल टेकवला. गोळी त्या तुटक्या वाटीला लागली असती तर तुकडे कुठे उडाले असते, अल्ला जाणे.

"अरबाब, रुको!" मी ओरडलो. "गोली मत चलाओ! अंदर से खराब है. मैंने खराब किया."

रायफल खाली आली. मी सायलेन्सर उघडून सात वाट्या टेबलावर ओतल्या आणि कोकमापासून सगळं सांगितलं. गणूने कपाळाला हात लावला. सेल्समन हसून म्हणाला, "सर, ऐसे लोगों को हाथ ही मत लगाने दीजिए."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. व्हिसा तर गेलाच होता, आता भ्यायचं कशाला?

"फिर साफ कौन करेगा? आप आओगे हर हफ्ते दुबई से?"

बू राशिदनी तिन्ही नमुने माझ्यापुढे सरकवले. मग म्हणाले, "अच्छा, साफ तुम करेगा. तो बोलो, कौन सा लेना है?"

मी एकेक उचलला. बंद असलेला नको, दोन महिन्यांत शिशाने भरेल आणि उघडता येणार नाही. ॲल्युमिनियमचा हलका खरा, पण नाजूक. माझ्यासारखा एखादा शहाणा पुन्हा भेटला की संपला. स्टीलचा जड आहे, पण नवशिके रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवूनच मारतात, त्यांना वजनाचं काय? शिवाय त्याच्या वाट्यांवर नंबर कोरलेत, परत बसवताना क्रम चुकायचा नाही.

बू राशिदनी नमुन्यातली एक स्टीलची वाटी उरलेल्या आगळात टाकायला लावली. सोमवारी सगळ्यांसमोर ती बाहेर काढली, धुतली. होती तशीच होती. बारा स्टीलचे मागवायचं ठरलं.

कमिटीतल्या एकाने विचारलं, "और ये आदमी टेक्निशियन?"

"गलती सब करता है," बू राशिद म्हणाले. "ये बंदूक चलने से पहले बोला. मेरे को हथियार के पास ऐसा आदमी चाहिए. यल्ला, कागज लाओ."

दीड महिन्याने कागद हातात आला. हुद्द्याचा रकाना मी पाच वेळा वाचला, मग गणूकडून वाचून घेतला आणि फोनबूथकडे पळत सुटलो. गावी शेजारच्या हव्वाबीकडे फोन होता. कुलसुम धापा टाकत आली. मी सगळं एका दमात सांगितलं. "बरं," ती म्हणाली.

"कुलसुम? खूश नाहीस?"

"आहे ना." मग ती म्हणाली, "चार वर्षांत आपण एकदा पण भांडलो नाही, तुमच्या लक्षात आलंय? मला कितीदा राग यायचा. पण तुमचं फोनचं कार्ड संपेल म्हणून मी दर वेळी ‘बरी आहे’ म्हणून फोन ठेवायची."

मी खिशातलं दुसरं कार्ड काढून हातात धरलं.

"आता येते," ती म्हणाली, "आणि पहिले आठ दिवस नुसती भांडते."