लसणाचा हौद

घरजावयाला या लसणाच्या प्रयोगातून मिळणार होती ती माशांच्या पिल्लांच्या खोलीची किल्ली. ती ज्याच्या खिशात, त्याच्या शब्दाला त्या मत्स्यशेतीवर वजन. बाकीच्यांना ‘जेवलात का’ एवढंच विचारलं जाई. किल्ली मेहुण्याच्या, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाच्या खिशात होती.

माशांच्या कल्ल्यांना बारीक किडे लागले. नेहमीचं औषध घातलं की मासे बरेच दिवस विकता येत नसत. घरजावई म्हणाला, लसणाच्या अर्काने किडे सुटतील. सासऱ्यांनी आजारी माशांचे दोन हौद काढून दिले. एकात अर्क, दुसरा तुलनेसाठी तसाच. अर्क लागू पडला तर किल्ली जावयाची, असंही बोलून बसले.

बायकोने लसूण सोलला, घरभर वास सुटला, आणि मासे सुधारू लागले. खाजेने भिंतीला अंग घासायचं थांबले, खाण्यावर तुटून पडू लागले. मेहुण्याला मात्र लसणाआड वेगळाच वास येत होता. दाजी चोरून नेहमीचं औषध मिसळतायत, नाहीतर लसणाने कधी काही बरं होतं का? त्याने औषधाचं कपाट कुलूपबंद केलं. तरीही मासे सुधारतच होते, तेव्हा तो रोज पहाटे भिंग घेऊन दोन्ही हौद तपासू लागला.

मग लसणाच्या हौदातले मासे पुन्हा भिंती घासू लागले. मेहुण्याने ही बातमी जेवताना सांगितली, दुसऱ्याचं नुकसान सांगताना येतं तेवढं दुःख आवाजात आणून. हा पाण्यात काहीतरी टाकतोय, याबद्दल घरजावयाची खात्रीच पटली, आणि कुणाला न सांगता तो पहाटे खाद्याच्या पोत्यांमागे दबा धरून बसू लागला.

मेहुणा यायचा. तुलनेच्या आजारी हौदातून जाळीने मासा काढायचा, कल्ला उघडून पाहायचा, परत सोडायचा. मग तीच निथळती जाळी घेऊन लसणाच्या हौदाकडे जायचा. घरजावयाची नजर त्याच्या खिशावर. खिशातून बाटली निघेल म्हणून तो रोज वाट पाहत राहिला, आणि मासे मरू लागले, तेव्हा कुठे त्याचं लक्ष जाळीकडे गेलं.

“दाजी, पोत्यांमागे काय हरवलंय?” मेहुण्याने विचारलं.

“जाळी मधे धुता का तुम्ही?”

“पाण्यातच तर असते दिवसभर. धुवायचं काय तिचं?”

गलका ऐकून सासरे आले. जाळीतून गळलेला थेंब त्यांनी भिंगाखाली धरला. बराच वेळ पाहिलं. आत काहीतरी वळवळत होतं.

“वेगळी जाळी का नाही घेतलीस?” त्यांनी मुलाला विचारलं.

“दोन्हीकडे सगळं सारखं नको? तुम्हीच म्हणाला होतात, तुलना चोख हवी.”

“आणि जावईबापू, किडे परत आलेले दिसले तेव्हाच का नाही बोललात?”

“पुराव्याशिवाय कसं बोलणार?”

सासऱ्यांनी किल्ली मुलाकडून घेतली आणि मुलीच्या हातात दिली. तिने मागितली नव्हती.

हिशोब असा लागला. मेहुण्याची किल्ली गेली, जावयाला मिळाली नाही. दोघांना झोंबलं, पण दोघांचं जेवण नीट चालू आहे. किंमत मोजली ती माशांनी, एकदा बरे होऊन पुन्हा आजारी पडून. उरलेली बायको मोजते आहे. सकाळी भाऊ तिला गाठून सांगतो, दाजींवर लक्ष ठेव. संध्याकाळी नवरा सांगतो, दादावर.